तांदळाची पिशवी आणि ध्रुवतारा

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. १९५०च्या सुमारास, म्हणजे मी जन्मायच्या आधी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकांनी ते वाड्याच्या माजघरात घेतले. कॅमेरा साधा खोक्याचा. उजेड म्हणावा तर दोन समया आणि खुंटीला अडकवलेला एक कंदील. ट्रायपॉड घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. काकांनी पाट रचले, त्यांच्यावर तांदळाची पिशवी ठेवली, पिशवीत खळगा करून कॅमेरा बसवला, सगळ्यांना ‘हलाल तर याद राखा’ असा दम दिला आणि शटर उघडे ठेवून साठपर्यंत आकडे मोजले.

समोर अकरा माणसे आहेत. चेहरे जरा पुसट आले आहेत, पण ओळखू येतात. आजी मात्र दिसत नाही. ते साठ आकडे चालू असतानाच ती स्वयंपाकघरातून निरांजन घेऊन निघाली आणि सर्वांच्या पुढून देवघरात गेली. फोटोसाठी पूजा खोळंबून ठेवावी असे तिला वाटले नसावे. चित्रात तिच्या जागी एक पांढरी रेघ आहे: स्वयंपाकघराच्या दारापासून देवघराच्या दारापर्यंत, कमरेच्या थोडी वर, उंबऱ्याशी किंचित उचललेली. घरच्यांनी ‘फोटो फुकट गेला’ म्हणून निकाल दिला. काकांनी तो टाकला मात्र नाही. आजीचे दुसरे छायाचित्र आमच्या घरात नाही.

हौशी छायाचित्रकारांच्या दीर्घ एक्स्पोझरच्या चित्रांविषयी लिहायला बसलो की ही रेघ मला आडवी येते. ही चित्रे अलीकडे फार झाली आहेत. दुधासारखे धबधबे, धुक्यासारखे समुद्र, आकाशात तारकांची रिंगणे, एकाच झाडावर लाखभर काजवे. प्रदर्शनात त्यांच्यापुढे ‘वा!’ म्हणून लोक थांबतात आणि पुढे जातात. त्यांत कला किती आणि करामत किती, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छायाचित्रकलेचा जन्मच दीर्घ एक्स्पोझरमधून झाला. निएप्सने १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली, तेव्हा झाकण इतका वेळ उघडे होते की सूर्य या बाजूकडून त्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. जगात असा क्षण कधीच नसतो. पुढे १८३८मध्ये दागेरने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. त्याच्या चित्रात रस्ता ओसाड आहे. गाड्या, घोडे, माणसे सारी चालती होती म्हणून सारीच नाहीशी झाली. राहिला तो कोपऱ्यात पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो तेवढा वेळ थांबला होता. पॉलिश करणाराही दिसतो, पण अस्पष्ट. त्याचे हात चालू होते ना! छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून त्या गिऱ्हाइकाचे नाव घेतात. काम करणारा पुसट आणि काम करून घेणारा ठळक, हा न्याय त्या यंत्राने अगदी पहिल्याच दिवशी करून टाकला.

तेव्हा थांबलेले राहते आणि चालते ते जाते, हा या चित्रांचा मूळ कायदा. हौशी माणसाची सगळी कारागिरी या कायद्याशी केलेली तडजोड असते. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो.

शटर दीर्घकाळ उघडे ठेवण्यासाठी कॅमेऱ्यावर ‘बी’ अशी खूण असते. पूर्वी रबराचा फुगा दाबून हवेच्या जोराने शटर उघडत, त्या फुग्याच्या म्हणजे ‘बल्ब’च्या नावावरून ती आली. आज फुगा गेला, खूण राहिली. बोट दाबून ठेवावे तर हात कापतो आणि कॅमेरा हलतो. तेव्हा आपल्या हौशी मंडळींनी बटणावर एक गुळगुळीत खडा ठेवून वरून रबरबँड ताणला. वाऱ्याने तिपाई हलते म्हणून तिच्या मधोमध दगडांची पिशवी टांगली. तिपाईच नसेल तर तांदूळ किंवा तूरडाळ आहेच. शटरच्या धक्क्याने चित्र थरथरू नये म्हणून लेन्ससमोर टोपी धरायची, शटर उघडायचे, धक्का ओसरला की टोपी हळूच बाजूला करायची. वेळ भरली की पुन्हा टोपी आणि मग शटर बंद. यात यंत्राचे शटर नाममात्र उरते. खरे शटर ती टोपी.

भर दुपारी दीर्घ एक्स्पोझर करायचे तर उजेड अडवावा लागतो. त्यासाठीचे चांगले काळे फिल्टर महाग असतात. मग कुणाला तरी वेल्डिंगवाल्याच्या काचेची आठवण झाली. दहा नंबरची काच सुमारे सात हजारांत एक भाग उजेड आत सोडते. जिथे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग पुरला असता, तिथे जवळजवळ मिनिटभर झाकण उघडे ठेवता येते. काच रबरबँडने लेन्सवर बांधतात. चित्र हिरवेगार येते, पण ते कृष्णधवल करून टाकले की हिरवेपणाचा प्रश्न मिटतो. कुणी ध्रुवण करणारे दोन फिल्टर एकावर एक ठेवून फिरवतात. ते जसजसे एकमेकांना आडवे येतात तसतसा अंधार वाढतो, आणि फार आडवे आले तर निळसर झाक व काळी फुली बक्षीस मिळते.

फिल्मच्या दिवसांत आणखी एक पंचाईत होती. उजेड मंद आणि वेळ लांब झाली की फिल्म हळूहळू दमते. हिशेबाने दहा सेकंद येत असतील तर वीस-तीस द्यावी लागतात. श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १९००च्या सुमारास याचा नियम मांडला. हौशी लोक मात्र वहीत आपापले कोष्टक करीत आणि ते एकमेकांना, लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण सांगावे तसे, थोडे हातचे राखून सांगत. आजचा सेन्सर असा दमत नाही, पण तापतो, आणि तापला की चित्रात रंगीत ठिपक्यांची पुरळ उठते. त्यावर उपाय असा: चित्र घेतल्यावर झाकण लावून तितकाच वेळ दुसरे एक चित्र घ्यायचे. त्यात काळोख आणि ती पुरळ एवढेच उमटते. मग पहिल्यातून दुसरे वजा करायचे. काळोखाचेही छायाचित्र उपयोगी पडते, ही कल्पना मला फार आवडली.

परंतु कारागिरी निराळी आणि चित्र निराळे. वेल्डिंगची काच शोधून काढणाऱ्याच्या कल्पकतेला दाद दिली म्हणून त्या काचेतून निघालेल्या चित्राला दाद दिलीच पाहिजे असे नाही. येथूनच टीकाकाराचे अप्रिय काम सुरू होते.

समुद्राचे घ्या. मायकेल केन्ना या इंग्रज छायाचित्रकाराने जपानच्या होक्काइदो बेटावर दीर्घ एक्स्पोझरने काही चित्रे घेतली. बर्फ, एखादे कुंपण, पाण्यातले खांब आणि बाकी सारे शांत. ती पाहून जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या समुद्रांची धुकी केली. आमच्या कोकणातही तेच. हरिहरेश्वराच्या खडकांवर आपटणाऱ्या लाटेला स्वभाव आहे. ती रागीट आहे, खारट आहे, तिचा आवाज आहे. मिनिटभर झाकण उघडे ठेवले की ती दूध होते. दूध झालेला हरिहरेश्वराचा समुद्र आणि दूध झालेला दुसरा कुठलाही समुद्र यांत फरक उरत नाही. चित्र सुंदर दिसते, पण ते कोठले आहे हे सांगता येत नाही. केन्नाच्या चित्रात पाणी निवते ते त्या कुंपणाकडे, त्या खांबाकडे पाहण्यासाठी. आपल्या चित्रांत बहुधा पाणी निवते आणि पाहण्यासारखे काही उरतच नाही.

याउलट एक उदाहरण सांगतो. अलेक्सेई तितारेंको या रशियन छायाचित्रकाराने १९९०च्या दशकाच्या आरंभी, सोव्हिएत राज्य कोसळत असताना, सेंट पीटर्सबर्गच्या एका मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची गर्दी टिपली. माणसे वाफ होऊन गेली आहेत. पायऱ्यांवर काळसर धूर चढावा तशी गर्दी दिसते. मात्र कठड्यावर हात उमटले आहेत, कारण चढताना माणसे कठडा धरून क्षणभर थांबत होती. चेहरे गेले आणि आधार शोधणारे हात राहिले. येथे तंत्र शोभेसाठी वापरलेले नाही. त्या काळी त्या शहरात माणसांचे जे झाले तेच त्या शटरने सांगितले. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभे राहणाऱ्या आपल्या हौशी मित्रांनी हे चित्र एकदा नीट पाहावे. दादरच्या गर्दीतही काहीतरी राहत असेल. काय राहते ते पाहायला तेथे रोज जावे लागेल. केवळ गर्दी पुसट केल्याने चित्र होत नाही.

दिवाळी आहे, तेव्हा फटाक्यांविषयीही बोलले पाहिजे. आकाशातल्या दारूकामाचे चित्र घेण्याची हौशी पद्धत अशी: शटर उघडे ठेवायचे, समोर काळा पुठ्ठा धरायचा, बाण वर गेला की पुठ्ठा काढायचा, फूल विझले की पुन्हा धरायचा. अशी पाच-सात फुले एकाच चित्रात गोळा करता येतात. मग आकाशात फुलदाणी मांडल्यासारखे दिसते. मी हे पुष्कळ वेळा केले आहे, आणि आता करीत नाही. दारूकामातले सुख एका फुलात कधीच नव्हते. एक फूल विझते आणि दुसरे उमलायचे असते, त्या मधल्या काळोखात माना वर करून वाट पाहण्यात ते होते. पुठ्ठ्याने आपण नेमका तो काळोख कापून टाकतो. त्यापेक्षा अंगणातली पोरे फुलबाजीने हवेत आपले नाव लिहितात ते चित्र मला अधिक खरे वाटते. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ते नाव उलटे दिसते, मधेच फुलबाजी संपते आणि ‘मा’ला काना राहून जातो. १९४९मध्ये पिकासोने अंधाऱ्या खोलीत छोट्या दिव्याने हवेत चित्रे काढली आणि ज्योन मिली याने ती टिपली, तो प्रकारही तत्त्वतः हाच. हात जसा फिरला तशी रेघ उमटली. त्यात वेळ कापलेला नाही.

काजव्यांच्या चित्रांवर माझा आक्षेप याच कारणाने आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला काजवे लागतात. ज्याने ते एकदा पाहिले तो विसरत नाही. हौशी छायाचित्रकार तेथे रात्रभर बसतो, वीस-तीस सेकंदांची शेकडो चित्रे घेतो आणि घरी येऊन ती एकावर एक रचतो. मग एकेका झाडावर इतके काजवे दिसतात की झाड दिसत नाही. एवढे काजवे एका वेळी कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेले नसतात. मी याला सरळ खोटे म्हणणार नाही, कारण प्रत्येक ठिपका खरा आहे. तो काजवा तेथे खरोखर चमकला होता. पण बेरीज खरी असली तरी अनुभव खरा राहतोच असे नाही. काजवा म्हणजे उजेड आणि अंधार यांची लय. रचलेल्या चित्रात सारा उजेड जमा होतो आणि अंधार खर्ची पडतो. शिवाय अशा चित्रांनी भुलून जे लोक तेथे जातात, त्यांना प्रत्यक्षातले काजवे कमी वाटू लागतात, आणि मग ते टॉर्च पाजळत झाडाजवळ जातात. ज्या चित्राने काजव्यांची ओढ लावायची, त्यानेच त्यांचा अंधार मोडावा, ही गोष्ट साधी नाही.

‘मग काय, दीर्घ एक्स्पोझर करूच नये?’ असे कुणी विचारील. करावे, अवश्य करावे! हिरोशी सुगिमोतोने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या चित्रपटगृहांत जाऊन, चित्रपट सुरू होताना शटर उघडले आणि संपल्यावर मिटले. पडद्यावर फक्त पांढरा उजेड राहिला. सारे प्रसंग, सारे रडणे-हसणे मिळून एक कोरा चौकोन, आणि त्या उजेडात रिकाम्या खुर्च्या व भिंतींवरची नक्षी. ही देखील बेरीजच आहे. पण किती वेळाची बेरीज ते पाहणाऱ्याला माहीत असते, आणि चित्राचा अर्थ त्या माहितीत आहे. काजव्यांच्या चित्राखाली ‘दोन तासांची दोनशे चित्रे’ एवढे लिहिले असते तर माझे निम्मे भांडण मिटले असते. चित्राखाली स्थळ लिहितात, कॅमेऱ्याचे नाव लिहितात. वेळ लिहीत नाहीत, आणि ही चित्रे तर वेळेचीच असतात!

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत रेजिना वाल्केनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२मध्ये पेयाच्या एका रिकाम्या डब्याला सुईएवढे छिद्र पाडून, आत छायाचित्राचा कागद बसवून तो दुर्बिणीच्या घुमटाला चिकटवला आणि ती तो विसरून गेली. २०२०मध्ये तेथल्या एका तंत्रज्ञाच्या हाताला तो लागला. आत सूर्याच्या २,९५३ वाटा उमटल्या होत्या: आठ वर्षे आणि एक महिना. अशा कागदावर आकाश निरभ्र असेल त्या दिवशीची रेघ उमटते, ढगाळ दिवसाची जागा कोरी राहते. आपल्याकडे कुणी हौशी माणसाने असा डबा गच्चीत बांधला, आणि पावसाच्या ओलीपासून कागद वाचवला, तर त्यात पावसाळ्यातल्या दिवसांच्या रेघा बहुतेक उमटणार नाहीत आणि एखाददुसऱ्या उघडिपीची रेघ मिळेल. ते चित्र इंग्लंडमधल्या चित्रापेक्षा निराळे दिसेल, आणि त्याने तसेच दिसले पाहिजे.

आपल्या माणसांकडून माझी जी अपेक्षा आहे ती हीच, आणि ताऱ्यांच्या चित्रांत ती सर्वांत सहज पुरी होण्यासारखी आहे. जॉर्ज हेग या स्कॉटिश हौशी माणसाने १९७०च्या दशकात एक साधे साधन लोकांपुढे ठेवले. दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि एक बोल्ट. बिजागरीचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवायचा, म्हणजे वरची फळी पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करते आणि तारे जागच्या जागी थांबतात. सहा मिलिमीटरचा, एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकणारा बोल्ट घेतला, तर तो बिजागरीपासून सुमारे २२९ मिलिमीटरवर बसवावा लागतो. कोणत्याही सुताराकडे हे काम तासाभरात होते. घड्याळाकडे डोळा ठेवून अंधारात पंधरा मिनिटे बोल्ट फिरवीत बसलेल्या माणसाइतका काळाच्या जवळ दुसरा कोण असतो!

पण पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंशांवर असतो, आणि मुंबईत एकोणीस. उत्तर युरोपातल्या चित्रांत तो डोक्याशी जातो आणि त्याच्याभोवती ताऱ्यांची पुरी रिंगणे फिरतात. आपले हौशी लोक तशीच रिंगणे आपल्या गडांवर शोधतात, आणि ती अर्धी डोंगरामागे बुडाली की हिरमुसतात. हिरमुसायचे कशाला? सह्याद्रीच्या कड्याला टेकलेला ध्रुव हेच आपले चित्र आहे. बाळपणी आपण ध्रुवाच्या अढळपदाची गोष्ट ऐकली. पुरेसा वेळ झाकण उघडे ठेवले तर दिसते की तोही एक इवलासा कंस काढतो. आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. अढळ तोही नाही. इतरांपेक्षा कमी ढळतो, एवढेच.

आता खिशातल्या फोनमध्येही रात्रीचे चित्र निघते. तो चटाचट अनेक लहान चित्रे घेतो, जुळवतो, आणि त्यांत जे हलले असेल ते होता होईतो पुसून टाकतो. चित्र स्वच्छ येते. आमच्या माजघरात त्या संध्याकाळी काकांच्या हाती असा फोन असता, तर अकराही चेहरे लखलखीत आले असते. आजीची रेघ मात्र त्याने चूक समजून काढून टाकली असती, आणि फोटो फुकट गेला असे कुणीही म्हटले नसते.

म्हणून यंदा लक्ष्मीपूजनाला दिवे मालवून, तांदळाची पिशवी काढून, निदान एक चित्र जुन्या पद्धतीने घ्या. साठपर्यंत मोजा. कुणी मधून गेले तर रागावू नका. आणि चित्राच्या मागे वेळ लिहायला विसरू नका. काकांनी आमच्या चित्रामागे पेन्सिलीने लिहिले आहे: ‘साठ आकडे. आई आत गेली.’